विश्लेषण : ई-पुस्तके हजारभर, वेळेवर सापडत एकही नाही, विषयवार मांडणी करायची तरी कशी?

बाबा निवृत्त शिक्षक. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर बारीक छपाई वाचायचा त्यांना कंटाळा येतो, म्हणून ते टॅबलेटवर पान मोठे करून वाचतात. एका रविवारी त्यांनी विचारले, ‘लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ तुझ्याकडे होतं ना रे? लावून दे जरा.’ होते. नक्की होते. माझ्या लॅपटॉपवर तेव्हा अकराशेहून अधिक ई-पुस्तके होती. ‘स्मृतिचित्रे’ टाइप करून शोधले, काही आले नाही. इंग्रजी स्पेलिंगने शोधले, तरीही नाही. पाऊण तासाने ‘स्कॅन_००४७_फायनल’ नावाची फाइल सहज उघडली, तेव्हा तेच पुस्तक निघाले. तोवर बाबा ‘राहू दे’ म्हणून पुरवणीतले शब्दकोडे सोडवायला बसले होते.

पुस्तक असून नसल्यासारखे, ही अवस्था आज घरोघरी आहे. स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी, प्राध्यापक, निवृत्त वाचक, सगळ्यांकडे पीडीएफचा ढीग साचतो आहे. तो विषयवार कसा लावायचा आणि मुळात ‘विषय’ म्हणजे काय, याचा हा आढावा.

अडचण नेमकी कुठे आहे?

कागदी पुस्तक घरात येते तेव्हा ते जागा मागते. त्यामुळे आपण दोनदा विचार करतो. ई-पुस्तक जागाच मागत नाही. ते व्हॉट्सॲपवरून येते, इंटरनेट अर्काइव्हवरून उतरते, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावरून मोफत मिळते, बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात येतात. हे सगळे ‘डाउनलोड्स’ नावाच्या एकाच पोत्यात पडते. फाइलचे नाव काय असावे हे पाठवणाऱ्याने ठरवलेले असते, वाचणाऱ्याने नाही.

यावर नेहमीचे उत्तर असते, ‘सर्च आहे की!’ पण सर्चला दोन मर्यादा आहेत. एक, आपल्याला जे आठवते तेच आपण शोधू शकतो. दुष्काळावर आपल्याकडे काय काय आहे, हा प्रश्न फाइलच्या नावावरून सुटत नाही. दोन, मराठीतली बरीचशी जुनी पुस्तके स्कॅन केलेली आहेत. म्हणजे ती संगणकाच्या दृष्टीने पानांची छायाचित्रे आहेत, त्यात शब्दच नाहीत. शोधणार काय?

मग विषयाप्रमाणे फोल्डर केले की झाले?

बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात आणि इथेच अडकतात. मीही अडकलो. ‘इतिहास’, ‘आत्मचरित्र’, ‘समाज’, ‘प्रवास’ असे फोल्डर केले. मग विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ हाती आले. नावात प्रवास आहे, पण आत १८५७ चा उठाव डोळ्यांनी पाहिलेला माणूस बोलतो. ते प्रवासात ठेवावे की इतिहासात? आठवणी आहेत म्हणून आत्मचरित्रात? महात्मा फुले यांचे ‘शेतकऱ्याचा असूड’ शेतीत जाईल, अर्थकारणात, जातिव्यवस्थेत की एकोणिसाव्या शतकातल्या मराठी गद्यात?

उत्तर ‘सगळीकडे’ असे आहे आणि फोल्डरला ते मान्य नाही. फोल्डर हे लाकडी कपाटासारखे असते. एक वस्तू एकाच कप्प्यात राहते. चार कप्प्यांत ठेवायची तर चार प्रती कराव्या लागतात आणि मग कोणती प्रत खरी हा नवा प्रश्न उभा राहतो.

ही अडचण संगणकाने आणलेली नाही. ग्रंथालयांना ती दीडशे वर्षे छळते आहे. अमेरिकेतील मेल्विल ड्यूई यांनी १८७६ मध्ये दशांश वर्गीकरण मांडले. सर्व ज्ञानाचे दहा वर्ग, प्रत्येकाचे दहा भाग, त्यांचे पुन्हा दहा. आजही आपल्याकडच्या अनेक ग्रंथालयांत पुस्तकाच्या कण्यावर हाच क्रमांक चिकटवलेला असतो. मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६. या पद्धतीमुळे कोणतेही पुस्तक मांडणीवर नेमक्या एका जागी बसते. हीच तिची ताकद आणि हीच मर्यादा.

शिवाय कोणतेही वर्गीकरण ते करणाऱ्याच्या खिडकीतून जग पाहते. ड्यूईंच्या पद्धतीत धर्मासाठी राखलेल्या २०० च्या वर्गात मोठा हिस्सा ख्रिस्ती धर्माकडे गेला आणि जगातले बाकीचे धर्म २९० च्या आसपास दाटीवाटीने बसवले गेले. त्यामुळे ‘तयार यादी कोणती घेऊ?’ असे विचारण्याआधी ती यादी कोणाच्या सोयीची आहे हे पाहावे.

रंगनाथन यांनी वेगळे काय सांगितले?

शियाळी रामामृत रंगनाथन हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि प्रशिक्षणासाठी लंडनला गेले. तिथल्या एका दुकानात त्यांनी मेकॅनो हा खेळ पाहिला. मोजक्याच पट्ट्या आणि स्क्रू, पण जोडणी बदलली की क्रेन होते, पूल होतो, गाडी होते. पुस्तकाच्या विषयाचेही असे सुटे भाग का करू नयेत, असे त्यांना सुचले. त्यातून १९३३ मध्ये ‘कोलन वर्गीकरण’ प्रसिद्ध झाले.

त्याचा गाभा सोपा आहे. विषय म्हणजे तयार कप्पा नाही, तो अनेक पैलूंची जोडणी आहे. रंगनाथन यांनी असे पाच पैलू मांडले : मुख्य वस्तू, द्रव्य, क्रिया, स्थळ आणि काळ. ‘महाराष्ट्रातील एकोणिसाव्या शतकातील शेतकऱ्यांची कर्जबाजारी अवस्था’ हा एकच कप्पा शोधत बसण्याऐवजी शेतकरी, कर्ज, महाराष्ट्र, एकोणिसावे शतक असे चार तुकडे जोडा. वाचक चारपैकी कोणत्याही दारातून आला तरी पुस्तकापाशी पोहोचतो.

कागदी ग्रंथालयात हे राबवणे कठीण होते, कारण पुस्तक शेवटी एकाच मांडणीवर ठेवावे लागते. संगणकात ती सक्तीच नाही. आज ज्याला आपण ‘टॅग’ म्हणतो, त्यामागे हाच विचार आहे. म्हणजे ज्या साधनाला रंगनाथन यांची पद्धत सहज पेलते, त्या साधनावर आपण ड्यूईंच्या काळातले कपाट उभारत बसलो आहोत.

बाबांना हे सांगितले तेव्हा ते हसले. शाळेच्या ग्रंथालयाची जबाबदारी त्यांच्याकडे बारा वर्षे होती. ते म्हणाले, ‘कपाटात पुस्तक कुठंही असू दे रे. नोंदवही कुठंय तुझी?’ अभियांत्रिकीची चार वर्षे डेटाबेस शिकून जे मला सुचले नाही ते त्यांनी एका वाक्यात सांगितले. साठवण वेगळी आणि नोंद वेगळी. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची विषयवार सूची तयार केली, तेव्हा ती सारी पुस्तके त्यांच्या घरात नव्हती. नोंदी त्यांच्यापाशी होत्या, म्हणून पुढच्या अभ्यासकांना वाट सापडली.

ही नोंदवही संगणकावर कशी ठेवायची?

यासाठी ‘कॅलिबर’ हे मोफत आणि मुक्तस्रोत सॉफ्टवेअर सर्वाधिक उपयोगी आहे. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये त्याची सुरुवात केली. ते विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालते. त्याचे काम असे चालते :

- पुस्तक ‘ॲड’ केले की कॅलिबर त्याची प्रत आपल्या फोल्डरमध्ये लेखकाच्या नावाखाली ठेवते. या फोल्डरच्या आत हाताने काही हलवायचे नाही. तो भाग म्हणजे कपाट, त्याची काळजी कॅलिबर घेते.
- पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष, भाषा, टॅग ही माहिती एका डेटाबेसमध्ये जाते. ही झाली नोंदवही. प्रत्येक पुस्तकाशेजारी त्याच्या माहितीची एक छोटी फाइलही ठेवली जाते. त्यामुळे डेटाबेस बिघडला तरी तो पुन्हा उभा करता येतो.
- एका पुस्तकाला कितीही टॅग देता येतात. सेटिंगमध्ये एक बदल केला की ‘इतिहास.मराठेशाही’ असे टिंब देऊन पोटविषयही करता येतात.
- स्वतःचे रकाने जोडता येतात. ‘काळ’, ‘प्रदेश’, ‘वाचले का’ असे रकाने केले की रंगनाथन यांचे पैलू घरच्या घरी तयार.
- विशिष्ट टॅगची पुस्तकेच दिसावीत अशी ‘व्हर्च्युअल लायब्ररी’ करता येते. बाबांसाठी मी एक केली आहे. त्यात परीक्षेची आणि प्रोग्रॅमिंगची पुस्तके दिसतच नाहीत.

एक सूचना. कॅलिबर इंटरनेटवरून पुस्तकाची माहिती आपोआप आणते. मराठी पुस्तकांसाठी ती अनेकदा मिळत नाही आणि इंग्रजी पुस्तकांसोबत ‘फिक्शन’, ‘जनरल’ असे डझनभर टॅग येऊन पडतात. दोनशे पुस्तकांची माहिती एकदम आणली की आपल्या पंधरा विषयांचे दोनशे होतात. माहिती उतरवण्याच्या सेटिंगमध्ये टॅगपुढची खूण काढून टाकावी. विषय आपणच द्यावा.

विषय किती असावेत?

इथे उत्साह घात करतो. पहिल्या प्रयत्नात मी ७० विषय केले होते. ‘ग्रामीण कथा’, ‘ग्रामीण कादंबरी’, ‘ग्रामीण जीवन’ असे. महिन्याभराने कोणते पुस्तक कशात टाकले तेच आठवेना.

अनुभवाने काही नियम पटले. मुख्य विषय १२ ते १५ च ठेवावेत, एका कागदावर मावतील इतके. एका विषयात पन्नासच्या वर पुस्तके झाली तरच तो फोडावा. पाचपेक्षा कमी राहिली तर जवळच्या विषयात मिसळावा. ‘इतर’ हा कप्पा ठेवायला हरकत नाही, पण तो सगळ्यात मोठा झाला की आपली यादी चुकली असे समजावे.

विषय आणि प्रकार यांची गल्लत करू नये. कादंबरी, कविता, आत्मचरित्र हे लेखनाचे प्रकार आहेत. शेती, स्त्रीजीवन, १८५७ हे विषय. दोन्हींसाठी वेगळे रकाने असावेत. ‘स्मृतिचित्रे’चा प्रकार आत्मचरित्र, विषय स्त्रीजीवन, ख्रिस्ती समाज, नगर-नाशिक परिसर. असे लावले की ‘बायकांनी लिहिलेली आत्मचरित्रे’ आणि ‘नगर जिल्ह्यावर काय आहे’ या दोन्ही प्रश्नांना एकच पुस्तक उत्तर देते.

सर्वांत महत्त्वाची कसोटी अशी की, पुस्तक कशाबद्दल आहे एवढेच विचारू नका, ‘मी हे पुन्हा कधी शोधेन?’ हेही विचारा. पर्यावरणाच्या विद्यार्थ्याने दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्र’ला ‘निसर्ग’ म्हणावे, ललित गद्याच्या अभ्यासकाने ‘ललित’ म्हणावे. घरचे ग्रंथालय विद्यापीठाचे नसते. ते एका माणसाच्या कुतूहलाचा नकाशा असते.

मराठी पुस्तकांची वेगळी डोकेदुखी कोणती?

इंग्रजीतल्या मार्गदर्शकांत न सापडणाऱ्या चार गोष्टी इथे सांगायला हव्यात.

पहिली, एकसारखी दिसणारी पण वेगळी अक्षरे. ‘ॲप’ आणि ‘अॅप’ डोळ्यांना सारखे दिसतात. संगणकाच्या लेखी पहिल्यात एक स्वतंत्र अक्षर आहे, दुसऱ्यात अ आणि वर चंद्र अशी जोडी आहे. ‘तऱ्हा’, ‘सुऱ्या’ या शब्दांतला अर्धा र-सुद्धा दोन पद्धतींनी टाइप होतो. त्यामुळे एकाच विषयाचे दोन टॅग तयार होतात आणि निम्मी पुस्तके गायब झाल्यासारखी वाटतात. उपाय साधा आहे. टॅग दर वेळी नव्याने टाइप करू नये, यादीतून निवडावा.

दुसरी, लेखकांची नावे. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर, आरती प्रभू आणि चिं. त्र्यं. खानोलकर. एकाच माणसाची पुस्तके दोन नावांखाली विखुरतात. आद्याक्षरांमध्ये जागा सोडली की नाही, यावरूनही संगणक दोन लेखक मानतो. एक रूप ठरवावे आणि दुसरे नाव टॅगमध्ये टाकावे.

तिसरी, जुने फॉन्ट. युनिकोड रुळण्याआधी तयार झालेल्या पीडीएफमध्ये पडद्यावर मराठी दिसते, पण मजकूर कॉपी केला की भलतीच रोमन अक्षरे आणि चिन्हे येतात. अशा फायलीत मराठी शब्द शोधून सापडत नाही. ओळखायचे कसे? पहिल्या पानावरचा एखादा शब्द कॉपी करून दुसरीकडे चिकटवून पाहावा.

चौथी, स्कॅन. यावर ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखणारे तंत्र, हा उपाय आहे. टेसरॅक्ट हे मोफत साधन मराठी ओळखते. जुनी खिळेछपाई, पुसट पाने आणि जोडाक्षरे यांत ते चुकते. पण शोधण्यापुरता मजकूर बहुतेक वेळा हाती लागतो. सगळ्या पुस्तकांवर हा प्रयोग करत बसू नये. नेहमी लागणाऱ्या वीस-पंचवीस पुस्तकांपासून सुरुवात करावी.

संगणकच नसेल तर?

अनेकांचे सारे वाचन मोबाइलवरच चालते. त्यांनी फाइलच्या नावालाच नोंदवही करावे. ‘टिळक लक्ष्मीबाई - स्मृतिचित्रे - आत्मचरित्र - स्त्रीजीवन’ असे नाव दिले की फोनमधल्या साध्या सर्चमध्ये चारही शब्दांनी पुस्तक सापडते. सोबत गुगल शीटमध्ये एक तक्ता ठेवावा : नाव, लेखक, विषय, कुठे ठेवले आहे. पुढे कॅलिबर वापरायची वेळ आली तर ही मेहनत वाया जात नाही.

पुस्तक नक्की कोणाचे?

मांडणीचा विचार करताना हा प्रश्न टाळता येत नाही. विकत घेतलेले ई-पुस्तक बहुतेक वेळा आपल्या मालकीचे नसते, ते वाचण्याची परवानगी आपल्याला मिळालेली असते. २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल यांची ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’ ही पुस्तके ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून टाकली होती. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले आणि ग्राहकांना पैसे परत दिले, पण पुस्तके गेली. २६ फेब्रुवारी २०२५ पासून किंडलची पुस्तके संगणकावर उतरवून यूएसबीने हलवण्याची सोयही ॲमेझॉनने बंद केली.

म्हणून नोंदवही आपल्याकडेच असावी. कॅलिबरमध्ये फाइल न जोडता नुसती ‘रिकामी नोंद’ करता येते. ॲपमध्ये बंद असलेल्या पुस्तकांसाठी ती करावी आणि ‘कुठे आहे’ या रकान्यात ॲपचे नाव लिहावे. घरातल्या कागदी पुस्तकांनाही हेच लागू. आमच्या यादीत आता ‘माळ्यावरची ट्रंक’ हेही एक ठिकाण आहे.

दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षारंभापासून ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो. १९६४ मध्ये निधन झालेल्या लेखकाचे साहित्य १ जानेवारी २०२५ ला मुक्त झाले. ह. ना. आपटे, केतकर, साने गुरुजी यांचे लेखन आज सर्वांचे आहे. हयात लेखकाची कालपरवा आलेली कादंबरी ग्रुपवर फिरते, ती मात्र कोणाची तरी कमाई आहे. मी मांडणी केली तेव्हा अशी दीडशेच्या वर पुस्तके निघाली. ती काढून टाकली. त्यातली जी खरोखर वाचायची होती ती अकरा होती, ती विकत घेतली. ढीग साठवण्यात आणि ग्रंथालय उभारण्यात हाच फरक आहे.

सुरुवात कुठून करावी?

- पहिला रविवार फक्त गोळा करण्यासाठी. फोन, लॅपटॉप, पेन ड्राइव्ह, ई-मेल यांतली सगळी पुस्तके एका फोल्डरमध्ये आणा. दुहेरी प्रती काढा.
- कागदावर १५ विषय लिहा. ते घरातल्या दुसऱ्या माणसाला वाचून दाखवा. त्याला समजले नाहीत तर बदला.
- रोज १५ पुस्तके लावा. हजार पुस्तकांना दोन-सव्वादोन महिने लागतात. एका दमात करायला गेलात तर शेवटची पाचशे ‘इतर’मध्ये जातील.
- नवे पुस्तक आले की आधी नोंद, मग वाचन.
- पूर्ण फोल्डरची प्रत महिन्यातून एकदा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. चालू कॅलिबर फोल्डर क्लाउड सिंकमध्ये ठेवू नका, डेटाबेस बिघडू शकतो.

ग्रंथालयशास्त्रासाठी रंगनाथन यांनी जे पाच नियम सांगितले, त्यातला एक वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. हजारो फायली साठवूनही आपण नेमका तोच घालवतो.

आमच्या घरी आता टॅबलेटवर बाबा स्वतः टॅग निवडतात. ‘स्मृतिचित्रे’ त्यांनी दुसऱ्यांदा संपवले. मग ‘आत्मचरित्र’ या टॅगखाली आणखी काय आहे ते पाहिले आणि तिथून पुढची चार पुस्तके त्यांनीच शोधून काढली. ती माझ्याकडे गेली सहा वर्षे होती. परवा यादीत एक नवा टॅग दिसला, मी न केलेला : ‘नातीला वाचून दाखवायचे’. त्याखाली सध्या तीन पुस्तके आहेत.